मागच्या इंजिनाच्या जुन्या छोट्या गाड्या : इंजिन बदलताना क्लच कसा जुळवावा

१९६१ च्या फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सला १९७१ चे १६०० सीसी इंजिन चार बोल्टांवर अगदी सहज बसते, आणि घोटाळा बहुधा तिथूनच सुरू होतो. बोल्टांची भोके जुळली म्हणजे इंजिन जुळले असा समज करून घेतला जातो. मग पहिल्याच दिवशी फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकावरचे जड चाक) बेलहाउसिंगला (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडील पोकळ तोंडाला) घासते, स्टार्टर नुसता करकरतो, किंवा क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडत नाही. क्रँकशाफ्टचे टोक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा असते. त्या जागेत फ्लायव्हील, क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि स्टार्टरचे दात अशा पाच गोष्टी नांदतात. इंजिनबदलाचे यश या पाचांच्या जुळणीवर ठरते, नव्या इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

म्हणून या लेखात सुरुवात गिअरबॉक्सपासून केली आहे. इंजिन नवे येणार असले तरी गिअरबॉक्स, क्लचची केबल आणि पेडल बहुतेक वेळा जुनेच राहतात, त्यामुळे क्लचचा संच गिअरबॉक्सच्या मापाने निवडावा लागतो आणि इंजिनाच्या बाजूला फक्त फ्लायव्हीलची बैठक सांभाळावी लागते. उदाहरणे मुख्यतः बीटलची आहेत, कारण या गाडीत कारखान्यानेच इतके पोटबदल केले की जुळणीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच घरात पाहायला मिळतात. फियाट, हिलमन इंप किंवा जुनी श्कोडा हाताळणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो.

आधी गिअरबॉक्स ओळखावा

कागदपत्रांवरील वर्षावर विश्वास ठेवू नये. पन्नास-साठ वर्षे चाललेल्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकदा तरी बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. शिवाय कारखान्याने केलेले बदल सगळ्या मॉडेलांत एकाच दिवशी झालेले नव्हते. बीटलमध्ये अमेरिकेत १९६७ च्या आणि युरोपात बहुतेक १९६८ च्या मॉडेलपासून १२ व्होल्टची विद्युतव्यवस्था आली, तरी स्वस्त १२०० मॉडेलांत ६ व्होल्ट त्यानंतरही चालू राहिले. त्यामुळे इंजिन उतरवल्यावर कंदील धरून बेलहाउसिंगमध्ये डोकवावे आणि चार गोष्टी लिहून घ्याव्यात: इनपुट शाफ्टभोवती रिलीज बेअरिंगसाठी मार्गदर्शक नळी आहे की नाही, रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या क्लचच्या आडव्या शाफ्टचा व्यास किती आहे, स्टार्टरच्या शाफ्टचे टोक ज्यात फिरते त्या बुशचा आतील व्यास किती आहे, आणि बेलहाउसिंगच्या आतील कडा कोणी आधीच घासलेल्या आहेत का. शेवटची खूण फार बोलकी असते. कडा घासलेल्या दिसल्या, तर या गाडीत पूर्वी कोणी तरी मोठे फ्लायव्हील बसवून गेले आहे असे समजावे आणि बाकीच्या प्रत्येक भागाकडे संशयाने पाहावे.

इनपुट शाफ्टवरच्या स्प्लाइनचे (क्लच प्लेट ज्यांवर सरकते त्या लांब खाचांचे) दातही मोजावेत. मोजण्यापूर्वी एका दातावर रंगाचा ठिपका द्यावा, नाही तर फिरवत फिरवत मोजताना हमखास एक कमी किंवा एक जास्त भरतो. नवी क्लच प्लेट विकत घेण्यापूर्वी ती याच शाफ्टवर सरकवून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, पण हाताने डोलवल्यास खुळखुळता कामा नये.

फ्लायव्हील आणि स्टार्टर ही जोडी आहे

बीटलच्या ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दात असतात आणि १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३० दात असतात. दोघांच्या व्यासात फरक फार थोडा, म्हणजे काही मिलिमीटरांचाच असतो. जवळपास तेवढ्याच परिघावर एकवीस दात जास्त बसवायचे म्हणजे प्रत्येक दात बारीक होणार, आणि म्हणून एका फ्लायव्हीलचा स्टार्टर दुसऱ्याशी नीट अडकत नाही. काही दिवस तो अडकल्यासारखा वाटतो, पण मग रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्याचे) दात खाल्ले जातात आणि त्याचा कीस बेलहाउसिंगभर पसरतो. त्यामुळे स्टार्टर आणि फ्लायव्हील हे दोन भाग नेहमी एकाच कुळातले घ्यावेत.

जुन्या ६ व्होल्टच्या गिअरबॉक्सवर १३० दातांचे फ्लायव्हील बसवायचे असेल, तर दोन कामे वाढतात. पहिले काम बुशचे आहे. ६ व्होल्टच्या स्टार्टरच्या शाफ्टचे टोक १२.५ मिमीचे असते आणि १२ व्होल्टचे १०.९ मिमीचे असते, आणि हे टोक गिअरबॉक्समध्ये ठोकलेल्या बुशमध्ये फिरते. नव्या स्टार्टरसाठी आतून लहान व्यासाचा बुश बसवावा, किंवा ज्याचा शाफ्ट स्वतःच्याच घरात दोन्ही टोकांना पेललेला असतो असा स्टार्टर घ्यावा, म्हणजे बुशचा प्रश्नच उरत नाही. जुना बुश तसाच ठेवला तर शाफ्टचे टोक डोलते, स्टार्टर जास्त करंट ओढतो, आणि माणूस उगाच बॅटरीला दोष देत राहतो.

दुसरे काम बेलहाउसिंगच्या आतील कडा घासण्याचे आहे, आणि ते सावकाश करावे. फ्लायव्हीलच्या कडेला पातळ रंग लावून इंजिन तात्पुरते जोडावे, क्रँक हाताने दोन-तीन फेरे फिरवावी, इंजिन पुन्हा मागे घ्यावे आणि जिथे रंग लागला असेल तिथेच, तेवढेच घासावे. हे चक्र तीन-चार वेळा करावे लागते. घासलेल्या जागी किमान एक-दीड मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे, कारण फिरताना आणि तापल्यावर तिथली परिस्थिती हातातल्यासारखी राहत नाही. इथे एक इशारा महत्त्वाचा आहे: बीटलच्या गिअरबॉक्सचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे आणि त्याचा बारीक कीस पेट घेऊ शकतो. घासताना जवळ ठिणगी, वेल्डिंग किंवा पेट्रोल असू नये, कीस वरचेवर गोळा करून बाजूला न्यावा, आणि पेटलाच तर पाणी मुळीच न टाकता कोरडी वाळू टाकावी. इनपुट शाफ्टचे सील आधी कापडाने बंद करून घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

घासण्याचे काम ज्यांना नको असेल त्यांनी जुने १०९ दातांचे फ्लायव्हील आणि ६ व्होल्टचा स्टार्टर ठेवून बाकी गाडी १२ व्होल्टची करण्याचा मार्ग स्वीकारला तरी चालते. असा स्टार्टर १२ व्होल्टवर जोरात धडकतो आणि थोडा लवकर झिजतो, परंतु क्षणभरच वापरला जात असल्याने तो वर्षानुवर्षे टिकलेलाही पाहायला मिळतो. माझे मत विचाराल, तर गाडी रोज चालवायची असेल तेव्हा १३० दातांचा संच बसवावा, आणि केवळ रविवारी बाहेर काढायची असेल तेव्हा गिअरबॉक्सच्या कवचाला हात लावू नये.

क्रँकशाफ्टच्या बाजूला आणखी एक सापळा आहे. जुन्या फ्लायव्हीलमध्ये क्रँकच्या टोकाशी गॅस्केट असते, तर नंतरच्या फ्लायव्हीलमध्ये ओ-रिंगची खाच असते. खाच असेल तर फक्त ओ-रिंग आणि खाच नसेल तर फक्त गॅस्केट असा नियम आहे. दोन्ही घातले की फ्लायव्हील क्रँकवर पक्के टेकत नाही, फ्लायव्हील क्रँकवर आवळून धरणारा मधला ग्लँड नट सैल होतो, आणि फ्लायव्हील जागेवर रोखणाऱ्या डॉवेल पिनांची भोके अंडाकृती होऊन क्रँकशाफ्टसह सगळेच निकामी होते.

क्रँकशाफ्टच्या खेळाची मापणी

फ्लायव्हील बदलले की क्रँकशाफ्टचा मागेपुढे होणारा खेळ पुन्हा मोजावाच लागतो, कारण प्रत्येक फ्लायव्हीलच्या बैठकीची खोली थोडी वेगळी असते. बीटलमध्ये हा खेळ ०.०७ ते ०.१३ मिमी असावा लागतो, आणि तो तीन शिमांनी (ठरावीक जाडीच्या पातळ चकत्यांनी) साधला जातो. ऑइल सील न लावता फक्त दोन शिमा घालून फ्लायव्हील आवळावे, डायल गेजने खेळ मोजावा आणि त्यातून ०.१० मिमी वजा करावे. जे उरेल तितक्या जाडीची तिसरी शिम घ्यावी. दोन शिमांवर खेळ ०.४४ मिमी आला, तर तिसरी शिम ०.३४ मिमीची लागेल. त्यानंतर सगळे उतरवून सील सरळ व एकसारखे दाबून बसवावे, तिन्ही शिमा तेल लावून घालाव्यात आणि पुन्हा एकदा मोजावे.

ग्लँड नटचा टॉर्क साधारण ३४३ न्यूटन-मीटर आहे, आणि इतका मोठा टॉर्क पाना सगळ्यांकडे नसतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकाला ३५ किलोचा भार दिला की नेमका तेवढाच टॉर्क पडतो. मात्र त्या वेळी फ्लायव्हील दातांत पेचकस अडकवून धरू नये, बोल्टांनी पक्की बसणारी पट्टी वापरावी.

१८० की २०० मिलिमीटर

बीटलचा जुना क्लच १८० मिमीचा आहे आणि १५०० व १६०० सीसी इंजिनांबरोबर २०० मिमीचा आला. दातांच्या संख्येवरून क्लचचे माप ठरवू नये, कारण १३० दातांच्या फ्लायव्हीलवर १८० मिमीचा क्लचही असतो आणि ६ व्होल्टच्या फोक्सवॅगन बसमध्ये १०९ दातांबरोबर २०० मिमीचा क्लचही सापडतो. प्रेशर प्लेटच्या बोल्टांच्या भोकांचे वर्तुळ आणि घर्षणाच्या पट्ट्याची रुंदी मोजूनच निर्णय घ्यावा.

मोठा क्लच खरोखर लागतो का, याचा हिशेब सोपा आहे. क्लच किती टॉर्क पेलेल हे घर्षण, स्प्रिंगचा दाब आणि घर्षणपट्ट्याची सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते, आणि प्लेटला दोन बाजू असल्याने त्याची दुप्पट होते. स्प्रिंगचा दाब तोच ठेवून १८० वरून २०० मिमीवर गेले तर त्रिज्या साधारण अकरा टक्क्यांनीच वाढते, म्हणजे पेलण्याची क्षमताही तितकीच वाढते. क्षेत्रफळ त्याहून जास्त वाढते, पण त्याचा फायदा उष्णता पसरण्यात आणि झीज कमी होण्यात मिळतो. क्षमतेतली उरलेली वाढ प्रेशर प्लेटच्या दाबातूनच येते. ३४ अश्वशक्तीच्या १२०० सीसी इंजिनाचा टॉर्क ८२ न्यूटन-मीटरच्या आसपास आणि १६०० सीसीचा १०६ च्या आसपास आहे, म्हणजे वाढ जवळपास तीस टक्के आहे. म्हणून १६०० सीसीसाठी कारखान्याचा २०० मिमीचा संपूर्ण संच घेणे योग्य ठरते. केवळ मोठी प्लेट घालून जुना दाब ठेवणे अपुरे पडते.

याच्या उलट टोकाला जाऊन शर्यतीची कडक प्रेशर प्लेट लावण्याचा मोह होतो. साध्या १६०० सीसीसाठी तिची गरज नाही. तिच्यामुळे पेडल जड होते, केबल तुटते, पेडलचा हूक वाकतो, आणि क्लच दाबताना क्रँकशाफ्टला मागे ढकलणारा जोर वाढून ज्या खेळाची आपण शंभराव्या भागापर्यंत मापणी केली तोच लवकर वाढतो.

रिलीज बेअरिंग : सर्वांत जास्त चुकणारी जागा

बीटलमध्ये रिलीज बेअरिंगच्या दोन पद्धती आहेत. १९७० पर्यंतच्या गिअरबॉक्सवर इनपुट शाफ्टभोवती नळी नसते, बेअरिंग फक्त आडव्या शाफ्टच्या दोन बोटांवर टांगलेले असते, आणि प्रेशर प्लेटच्या मधोमध एक गोल कडे असते ज्यावर ते बेअरिंग टेकते. १९७१ पासून बेअरिंग मार्गदर्शक नळीवर सरकते, नेहमी केंद्रात राहते आणि थेट डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या चपट्या गोल स्प्रिंगच्या) बोटांवर दाब देते, त्यामुळे त्या प्रेशर प्लेटला कडे नसते. जुने बेअरिंग आणि कडे नसलेली प्लेट अशी गाठ पडली तर बेअरिंग बोटांवर आडवेतिडवे घासते आणि बोटांची टोके खाते. नवे बेअरिंग आणि कडे असलेली प्लेट अशी गाठ पडली तर मधली जागा कमी पडते व क्लच सतत थोडा दाबलेला राहतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. प्लेट नवी कोरी, खोक्यावर आकडा बरोबर, आणि मधले कडे नाही याकडे माझे लक्षच गेले नाही. आठशे किलोमीटरवर पेडल दाबताना शीळ ऐकू येऊ लागली आणि इंजिन उतरवले तेव्हा बोटांच्या टोकांवर चाकूसारखी धार आली होती. यातून लावून घेतलेली सवय अशी, की प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकमेकांवर हातात ठेवून पाहिल्याशिवाय बोल्ट हातात घ्यायचा नाही. बऱ्याच नव्या प्लेटींना कडे काढता येईल असे क्लिपांवर बसवलेले असते. गिअरबॉक्सला नळी असेल तर ते काढावे आणि नळी नसेल तर ठेवावे.

आडवा शाफ्टही बदलत गेला. जुना १६ मिमीचा आहे आणि १९७३ पासूनचा २० मिमीचा आहे, त्यामुळे बाहेरचा लिव्हर आणि बुश एकमेकांत बदलत नाहीत. जुना शाफ्ट कडक क्लचखाली पिळला जातो, आणि पिळलेल्या शाफ्टचा संशय माणसाला सर्वांत शेवटी येतो.

दोन मापे, जी खरेदीपूर्वी घ्यावीत

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन वेगळ्या कुळांतील असतील तर कोणत्याही याद्यांपेक्षा दोन मापे जास्त खरे सांगतात. फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट इंजिनावर पूर्ण आवळून बसवावी. इंजिनाच्या जोडपृष्ठावर सरळ पट्टी धरून तिथपासून डायफ्रामच्या बोटांचे टोक किती बाहेर आले आहे ते व्हर्नियरने मोजावे. हे पहिले माप. मग रिलीज बेअरिंग पूर्ण मागे ढकलून बेलहाउसिंगच्या जोडपृष्ठापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंतची खोली मोजावी. हे दुसरे माप. दुसऱ्यातून पहिले वजा केले की मोकळी जागा मिळते.

समजा पहिले माप ६२ मिमी आणि दुसरे ६६ मिमी आले, तर जागा ४ मिमी आहे. बेअरिंगची एकूण चाल १४ मिमी असेल तर बोटे दाबायला १० मिमी उरतात, आणि प्रेशर प्लेटला सुटण्यासाठी ८ मिमी लागत असतील तर जुळणी ठीक आहे. वजाबाकी ऋण आली तर क्लच कधीच पूर्ण पकडणार नाही. ती फार मोठी आली तर क्लच सुटणार नाही. इथे हेही ध्यानात ठेवावे की ढकलून चालणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशी बोटे बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात, म्हणून आज एक मिलिमीटरच जागा असलेली जुळणी काही महिन्यांत घसरू लागते.

तिसरी तपासणी इनपुट शाफ्टच्या टोकाची आहे. ते पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणाऱ्या छोट्या बेअरिंगमध्ये) पोहोचले पाहिजे, परंतु क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. टोकावर थोडी मऊ माती चिकटवून इंजिन जोडावे आणि काढल्यावर मातीची जाडी पाहावी. बीटलमध्ये हे बेअरिंग ग्लँड नटमध्येच असते आणि त्याला मोहरीएवढेच ग्रीस लागते. जास्त घातले तर ते क्लच प्लेटवर उडते.

फियाट आणि इतर

फियाट ५०० च्या ४९९.५ सीसी इंजिनाऐवजी फियाट १२६ चे ५९४ किंवा ६५२ सीसी इंजिन बसवणे हा बहुधा सर्वांत जास्त केला गेलेला बदल असावा, आणि कारखान्यानेही तो एका अर्थी केलेला आहे: १९७२ ते १९७५ मधील ५०० आर या मॉडेलला १२६ चेच ५९४ सीसी इंजिन शक्ती कमी करून दिले होते, गिअरबॉक्स मात्र ५०० चाच, सिंक्रोमेश (गिअर बदलताना दातांचे वेग जुळवणारी सोय) नसलेला ठेवला होता. क्लचच्या बाबतीत लक्ष द्यायचे ते इतकेच, की जुन्या ५०० चा क्लच गुंडाळलेल्या स्प्रिंगांचा व तीन लिव्हरांचा आहे आणि नंतरचा डायफ्रामचा आहे, व दोघांची रिलीज बेअरिंगे वेगळी आहेत. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकाच कुळातून घ्यावे आणि क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या स्प्लाइनप्रमाणे निवडावी. १२६ चा गिअरबॉक्सही सोबत आणला तर वरचे गिअर सिंक्रोमेशचे मिळतात, मात्र हाफ शाफ्ट आणि त्यांची कपलिंगे आधी जुळवून पाहावी लागतात. १९८७ च्या १२६ बिसचे ७०४ सीसी इंजिन पाण्याने थंड होणारे व आडवे आहे. नावात १२६ असले तरी ते या हिशेबात धरू नये.

हिलमन इंप, रेनो ८, सिम्का १००० आणि श्कोडा १००० एमबी यांत कारखान्याने याच कुटुंबात मोठी इंजिने दिलेली असल्याने मोठ्या भावाकडून संपूर्ण क्लचसंच उचलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

इंजिन कोणत्या दिशेने फिरते

हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. फियाट ६०० चे इंजिन आणि ८५० चे इंजिन एकाच घराण्यातले दिसतात, पण ८५० चे इंजिन उलट दिशेने फिरते. ते ६०० च्या गिअरबॉक्सला तसेच जोडले तर गाडीला एक पुढचा आणि चार मागचे गिअर मिळतात. शेव्हरोले कॉरव्हेअरचे सहा सिलिंडरांचे इंजिन बीटलमध्ये बसवणाऱ्यांनाही हाच अनुभव आला, कारण तेही उलटे फिरते. उपाय दोन आहेत: डिफरन्शियलचे क्राउन व्हील (मोठे दातेरी चाक) गिअरबॉक्सच्या दुसऱ्या बाजूला फिरवून बसवणे, किंवा इंजिनात उलट फिरण्यासाठी घडवलेला कॅमशाफ्ट घालणे. पहिल्या उपायात दातांच्या ज्या बाजूवर एरवी फक्त इंजिन-ब्रेकचा भार येतो त्या बाजूवर आता ओढण्याचा भार येतो, त्यामुळे बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) फार काळजीपूर्वक लावावा लागतो. शिवाय स्टार्टरही इंजिनाच्या दिशेने फिरणारा लागतो. सुबारूची पाण्याने थंड होणारी चार सिलिंडरांची बॉक्सर इंजिने बीटलच्याच दिशेने फिरतात, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे हे एक साधे कारण आहे.

अ‍ॅडॉप्टर प्लेट आणि परक्या घरचे फ्लायव्हील

फोक्सवॅगनच्याच ४११ मध्ये १९६८ साली आलेले मोठे इंजिन बीटलच्या गिअरबॉक्सला जुळते, पण त्याचे फ्लायव्हील एका ग्लँड नटऐवजी पाच बोल्टांवर असते, म्हणून बीटलच्या क्लचसाठी खास फ्लायव्हील घ्यावे लागते. सुबारूसारख्या परक्या इंजिनाला याखेरीज अ‍ॅडॉप्टर प्लेटही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी जोडपट्टी) लागते. प्लेटची जाडी ही वरच्या दोन मापांपैकी दुसऱ्या मापात थेट मिळवली जाते, हे विसरले जाते. त्याहून नाजूक बाब म्हणजे केंद्र. फ्लायव्हीलवर डायल गेज उभे करून बेलहाउसिंगचे भोक क्रँकच्या केंद्राशी किती जुळते ते एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. काटा एकूण ०.१ मिमीच्या आसपास हलला तर ठीक, त्याच्या दुप्पट हलला तर डॉवेलची जागा सुधारून घ्यावी. इथले दुर्लक्ष इनपुट शाफ्टचे सील आणि क्लच प्लेटचा मधला भाग खाऊन टाकते.

प्रत्यक्ष उतरवणे आणि चढवणे

बॅटरीची अर्थ केबल आधी सोडावी. त्यानंतर पेट्रोलची नळी चिमटवून बंद करावी, आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली, हवेच्या नळ्या व वायरी खुणा लावून सोडाव्यात. गाडीचा मागचा भाग पक्क्या स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नये. बीटलमध्ये खाली दोन नट आणि वर दोन बोल्ट असतात, आणि वरच्या उजव्या बोल्टनेच स्टार्टरही धरलेला असतो. इंजिनाखाली चाकांचा जॅक लावून वजन नीट पेलल्यावरच शेवटचा बोल्ट काढावा व इंजिन सरळ मागे ओढावे.

क्लच बसवताना फ्लायव्हीलची घर्षणाची बाजू स्पिरिटने पुसावी, क्लच प्लेटची स्प्रिंगांची बाजू गिअरबॉक्सकडे ठेवावी, आणि जुना इनपुट शाफ्ट किंवा तसा रूळ घालून प्लेट केंद्रात आणावी. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत २५ न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत. एकच बोल्ट एकदम आवळला की कव्हर कायमचे वाकते आणि मग क्लच सुटताना गाडी थरथरते.

चढवताना घाई करणारा माणूसच नुकसान करतो. जॅक खाली-वर करून इंजिनाचे आणि बेलहाउसिंगचे जोडपृष्ठ सगळीकडून समांतर आणावे, गिअर टाकून ठेवावा, आणि कोणी तरी पुली हळूहळू फिरवत असताना इंजिन पुढे ढकलावे, म्हणजे स्प्लाइन आपोआप सापडतात. शेवटचे अंतर बोल्टांनी ओढून मिटवू नये. जोडपृष्ठे हाताने टेकत नसतील तर आत काही तरी अडलेले आहे. आणि इंजिनाचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये, कारण तेवढ्याने प्लेटचा मधला भाग वाकतो व पुढे क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. जोड टेकल्यावर चारही जागा ३० न्यूटन-मीटरला आवळाव्यात.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबराची पट्टी पूर्ण बसवल्याशिवाय हवेने थंड होणारे मोठे इंजिन चालवू नये, कारण फटीतून तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरते. ब्रेकचाही विचार करावा. कारखान्याने युरोपात १५०० सीसीच्या बीटलला पुढे डिस्क ब्रेक दिले ते उगाच नव्हे. गिअरबॉक्स जुना, डिफरन्शियलच्या ४.३७५ गुणोत्तराचा असेल तर मोठे इंजिन लांबच्या रस्त्यावर विनाकारण जास्त फिरत राहील, ४.१२५ किंवा ३.८७५ चा गिअरबॉक्स मिळाला तर तो आधीच बदलून मग क्लचची मापे घ्यावीत. इंजिन क्रमांक बदलल्याची नोंद आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे करून घ्यावी.

केबल लावणे आणि दोष ओळखणे

बीटलच्या पेडलला १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवावी. क्लचची केबल जिच्यातून जाते त्या गिअरबॉक्सशेजारच्या लवचीक बाउडेन नळीला २५ ते ४५ मिमीचा झोळ असावा लागतो. तो कमी असेल तर क्लच सुटताना गाडी हिसके देते, आणि पुष्कळ लोक या एका नळीपायी चांगली प्लेट फेकून देतात. झोळ वाढवायचा तर नळीच्या मागच्या टोकाशी वायसर घालावेत.

पहिले पाचशे किलोमीटर चढावर क्लच अर्धवट धरून गाडी उभी ठेवू नये. त्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर आधी मोकळी चाल पाहावी, मग तेल गळते का ते पाहावे, आणि त्यानंतरच प्रेशर प्लेटवर संशय घ्यावा. रिव्हर्स गिअर करकरत असेल तर पेडल दाबून पाच सेकंद थांबून पुन्हा टाकून पाहावा. तरीही करकरला तर क्लच सुटत नाही, आणि त्याचे कारण केबल, पिळलेला आडवा शाफ्ट, अडकलेले पायलट बेअरिंग किंवा चढवताना वाकलेली प्लेट या चारांपैकी एक असते. पहिल्या दोन गोष्टी इंजिन न उतरवता गाडीखाली झोपून तपासता येतात, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा.